इनचार्ज सिस्टर

दिपालीच्या छातीवर नवी पाटी लागली होती. इनचार्ज सिस्टर. मेहरीननं ती वाचली आणि औषधांचा ट्रे जरा जोरातच टेबलावर ठेवला.

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या त्या वृद्धसेवा केंद्रात मेहरीनला अकरा वर्षं झाली होती. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलणं, नळीतून पेज भरवणं, पाठीच्या जखमा धुणं, सगळं दिपालीला तिनंच शिकवलं. पणदऱ्याची ही पोर दोन वर्षांपूर्वी आली, तेव्हा पहिली जखम बघून बाहेर पळाली होती. पण तिचा नर्सिंगचा कोर्स मोठा, मेहरीनचा छोटा. आता तीच सगळ्यांच्या ड्युट्या लावायची. "ताई, रविवारी याल का?" असं गोड विचारायची, ते मेहरीनला जास्तच झोंबायचं. हिचा पगार किती वाढला असेल, याच विचारात ती एसटीनं घरी जायची. दिपालीनं नवी चप्पल घेतली तरी मेहरीनच्या पोटात दुखायचं.

एका दुपारी आबाजींच्या फाइलीत सकाळच्या इन्सुलिनपुढं सही दिसली नाही. सकाळची ड्युटी दिपालीची होती. रात्रीची सिस्टर आली नव्हती, म्हणून रात्रपाळीही तिनंच केली होती.

"आबा, सकाळी सुई टोचली का?"

"व्हय की. दिपालीनंच टोचली. डोळं लाल झालं हुतं पोरीचं."

दिपाली शेजारच्याच खोलीत होती. एक हाक पुरली असती. मेहरीन फाइल घेऊन थेट व्यवस्थापक विजयसिंहांकडं गेली.

"इन्सुलिन दिल्याची नोंद न्हाय, सर."

आबाजी काय म्हणाले ते तिनं सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी दिपालीला कामावरून काढलं. जाताना ती मेहरीनच्याच गळ्यात पडून रडली. मेहरीननं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी विजयसिंहांनी बोलावलं. "आजपासून तुम्ही इनचार्ज. कोणी आलं नाही, तर त्याची ड्युटीही तुम्हीच करायची."

मेहरीननं धीर करून विचारलं, "आन् पगार, सर?"

"पगार तोच. दिपालीचा तरी कुठं वाढवला होता?" विजयसिंह कागदांत बघत म्हणाले. "परवा इथंच उभी राहून भांडत होती. माझं राहू द्या म्हणाली, आधी मेहरीनताईंचा वाढवा."