डावीकडची सीट

“जुनीचे तीन लाख धरतो, ताई. बाकीचे भरा, नवी गाडी घेऊन जा,” शोरूमवाला म्हणाला.

मी साडेतीन मागितले, पण ताणून धरलं नाही. चार महिन्यांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून जुन्या गाडीत डावीकडची सीट रिकामी असली, तरी बेल्टची घंटी वाजायची. मेकॅनिकला दोष सापडला नव्हता. ते मी लपवलं होतं. गाडी एकदाची जावी, एवढंच हवं होतं.

तेवढ्यात त्यांचा माणूस जुनी गाडी चालवून बघून आला. “साहेब, साडेतीनच द्या. काका ऐकत नाहीत.”

“कोण काका?” मी विचारलं.

“शेजारी बसलेले, लवंग चघळत. म्हणाले, पोरीला भाव करता येत नाही. तिला साडेतीन द्या, मी या गाडीतच राहतो. नव्या गाडीत येऊन तिला घाबरवणार नाही.”

बाबांच्या खिशात कायम लवंगा असायच्या.

शोरूमवाल्याने साडेतीन लिहिले. नवी गाडी सुरू करून मी डावीकडचा बेल्ट लावला, काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. बेल्ट सुटा असतानाही घंटी वाजली नाही.

बाबा दिल्या शब्दाला जागले होते.