निळी चिंधी
उद्या नेमबाजी संघाची निवड आणि माझ्या रायफलला आजच नवी नळी बसवलेली! बाळंतपणानंतरची ही पहिलीच संधी. एक गोळी झाडायची, मग सळईने तांबं विरघळवणाऱ्या औषधाची चिंधी नळीतून आरपार ढकलायची, असं सरावाच्या मैदानावर चाललं होतं. नवी नळी खडबडीत, गोळीचं तांबं आत चिकटतं आणि नेम ढळतो. तांबं उरलं असेल तर चिंधी निळी निघते, नसेल तर पांढरी. बाकावर बाळाला थोपटत सासूबाई पुटपुटल्या, “लेकरापेक्षा नळीचेच लाड फार!” प्रशिक्षकही वैतागले. “अगं, चकचकीत दिसतेय! आता सलग गोळ्या झाड, नेम बसव.” “सर, झोपल्यासारखं दिसणारं बाळ आणि साफ दिसणारी नळी, दोन्हींवर भरवसा ठेवू नये.” मी चिंधी ढकलली. निळीशार निघाली! सरांनीच दुसरी पुढे केली. आणखी दोन गोळ्यांनंतर मात्र चिंधी पांढरी आली. तेवढ्यात बाळाने भोकाड पसरलं. “सर, नळी तयार! बाळाला पाजून आले की नेम बसवते, उद्या पहिली पाळी माझीच लावा,” म्हणत मी हात धुवायला पळाले.