दहा सेकंद

"ऐंशी जीबीचे साडेचौऱ्याहत्तरच काहून दिसून राह्यले?" मंदारनं पडद्यावर बोट टेकवलं. "बाकीचे कुठं गेले?"

"मोजायची पद्धतच तशी आहे भाऊ," बादल म्हणाला. "डब्यावर ऐंशी, आत साडेचौऱ्याहत्तर."

मंदारनं धाकट्या भावाकडे, श्रेयसकडे पाहिलं. उरलेले साडेपाच जीबी त्याच्याच खिशात असावेत, असं.

"घट असते रे," खाटेवरून अनंतराव म्हणाले. "कोणत्याही मालात घट निघते."

पोरांचे हे वडील तीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. चिमटीत रुई धरायची, हलकेच ओढायची आणि गाडीभर मालाचं नशीब एका शब्दात सांगून टाकायचं. आता केंद्राला कुलूप होतं. अनंतराव खाटेवर बसून गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातला कापूस ओढून पाहत.

खोल्या, भांडी, देवघरातली समई, सगळ्याची वाटणी झाली होती. उरला होता मधल्या खोलीतला संगणक, आणि त्याच्यावरच अनंतरावांची भिस्त होती. त्याच्यापुढं दोन खुर्च्या असत. मंदार आपल्या कृषी केंद्राची बिलं वाचून दाखवी, श्रेयस टाईप करी. संगणक काही मधातून कापता येत नाही, म्हणजे खुर्च्या दोनच राहणार, असा त्यांचा हिशेब.

तो बादलनं चुकवला. बोरी अरबच्या तांड्यावरचा हा पोरगा दारव्ह्यात संगणक दुरुस्तीचं दुकान चालवे. एकाच मशीनमध्ये दोन कारभार बसवून देतो म्हणाला. थोरल्याचं विंडोज, धाकट्याचं लिनक्स. ज्याचा त्याचा पासवर्ड, एकमेकांचं तोंड पाहायचं काम नाही.

वीज दोनला जाई. त्याच्या आत उरकायचं होतं.

"काका, तुमी चिमटीत धागा धरला का माहा बाप श्वास धरे," सीडी घालता घालता बादल म्हणाला. "तुमी पास म्हणेपर्यंत सोडत नसे."

"शंकरसिंगचा माल चांगला असायचा."

"आता तूर पेरते. कापसाचं नाव काढू देत नाही घरात." त्यानं पडद्यावरची रेघ सरकवून बरोबर मधात आणली. "सदतीस इकडं, सदतीस तिकडं. ठीक?"

"ठीक," दोघं भाऊ एकदमच म्हणाले. महिन्यात पहिल्यांदा.

"एक सांगून ठेवतो. लिनक्समधून विंडोजमधलं सगळं दिसते. विंडोजमधून लिनक्समधलं दिसत नाही."

"म्हणजे हा माझ्या घरात डोकावणार, अन् मी याच्या नाही?" मंदार उठलाच. "याच्यासाठीच तर वेगळं होऊन राह्यलो! माझीच बिलं पाहून यानं लोकांना अर्ज टाईप करून दिले. बियाणं उगवलं नाही म्हणून. माझ्याच दुकानाविरुद्ध, याच मशीनवर!"

"नाहीच उगवलं. मी काय खोटं लिहू?"

"वरून आलं ते मी विकलं. मी काय बी घरी बनवतो?"

"तेच म्हणतो ना मी. तूही अर्ज कर, दादा. तुलेही फसवलं कंपनीनं. तू सांग, मी टाईप करतो."

अनंतरावांची चिमटी जागीच थांबली. मंदार दुसऱ्या खुर्चीकडे पाहत होता. जरा जास्तच वेळ पाहत होता.

"तुह्या हातचं काही नको मले," तो म्हणाला.

"तिकडून दिसणं बंद करता येते," बादल हळूच म्हणाला.

"कर."

चाळीस मिनिटांत काम झालं. बादलनं मशीन बंद करून पुन्हा लावलं. काळ्या पडद्यावर एकाखाली एक दोन नावं आली.

"दहा सेकंद थांबते. खालचं पाहिजे तं बाण दाबायचा. कोणी काही नाही दाबलं, तं वरचं आपोआप चालू."

"वर कोणाचं ठेवू?"

दोघांनी बापाकडे पाहिलं.

"थोरल्याचं," अनंतराव म्हणाले. मग बादलला म्हणाले, "दहाचे तीस करता येतात का रे?"

"येतात ना काका. पण कायले?"

"तीस सेकंद कायले बसायचं?" मंदार म्हणाला. "दहाच खूप झाले." श्रेयसनं मान हलवली. याही बाबतीत दोघांचं जमलं. "अन् बाबा, तुम्ही कीबोर्डला हात नका लावू. भलतंच काही दाबल्या जाईल."

बादल गेला. मंदार दुकानावर गेला. श्रेयस कॉलेजला निघाला आणि जाता जाता दुसरी खुर्ची उचलून आपल्या खोलीत ठेवून गेला. "आता एकच लागते," तो म्हणाला.

अनंतराव उरलेल्या खुर्चीवर येऊन बसले. कीबोर्डला हात लावायचा नव्हता. त्यांनी मशीनचं बटण तेवढं दाबलं. नावं आली. दहा, नऊ, आठ. नावं गेली आणि मंदारचा पासवर्ड मागणारी चौकट आली. त्यांनी बटण दाबून मशीन बंद केलं. पुन्हा लावलं.

चौथ्या खेपेला रत्नप्रभाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय करून राह्यले तुम्ही मघापासून? पोरं ओरडतील."

अनंतरावांनी पडद्याकडे बोट दाखवलं. बाईंनी चष्मा लावला आणि इंग्रजी अक्षरं जुळवत वाचलं.

"मंदार. श्रेयस." त्यांनी पुन्हा वाचलं. "लग्नपत्रिकेत छापतात तशी आली हो."

तीन, दोन, एक. नावं गेली.

बसायला दुसरी खुर्ची नव्हती. बाईंनी नवऱ्याच्या खुर्चीची पाठ धरली.

"अजून एकदा लावा," त्या म्हणाल्या.

वीज जायला बारा मिनिटं होती.