मृदंगामागचा चेहरा

“एचडी कॅमेरा आणलास तर ऊसतोडीला गेलेल्या माणसाला काय दिसंल? मोबाईलवर नुसतं चाक फिरत राहील,” सिदू म्हणाला. “रेंज हाय का तिथं?”

रविराजनं चहाची बशी खाली ठेवली. नांदूरघाटच्या सप्त्याचा सहावा दिवस होता. टाळकरी, विणेकरी, मृदंगी अशी सगळी मंडळी देवळामागच्या शाळेत उतरली होती. गहिनीनाथ महाराजांची कीर्तनं रविराज गेली चार वर्षं जुन्या मोबाईलवर टिपून आपल्या चॅनेलवर टाकत होता. माइक त्यानं वेगळा घेतला होता, त्यामुळं आवाज खणखणीत यायचा. चित्रात मात्र महाराजांचा फेटा तेवढा ओळखू यायचा. बाकी सगळे पांढरे ठिपके.

“ज्याला रेंज न्हाई त्याला ते आपोआप धुरकट होऊन दिसतंय,” रविराज म्हणाला. “ज्याला हाय, त्यानं कावून धुरकट बघावं?”

“कीर्तन ऐकायचं असतंय बे. बघायला काय कुस्त्या हायत?”

बंकट टाळकरी भिंतीला टेकून पडला होता. तो म्हणाला, “सिदूला भ्याव वाटतंय. जांभया दिसतील.”

सगळे हसले. सिदूही हसला, जरा उशिरा.

खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. परळीत त्याच्या वडलांचं, वैजिनाथअप्पांचं, किराणा दुकान होतं. चार वर्षांपूर्वी कावेरी नावाच्या मुलीशी त्याचा साखरपुडा होता. पाहुणे मांडवात बसले असताना सिदू मागच्या दारानं निघाला, एसटीत बसला, तो परत गेलाच नाही. त्याला लग्नही नको होतं आणि गल्लाही. मृदंग हवा होता. एवढं एक वाक्य अप्पांसमोर बोलायची त्याची छाती झाली नाही. भरल्या मांडवात अप्पांना सगळ्यांपुढं हात जोडावे लागले, हे त्याला मागाहून कळलं. तेव्हापासून त्याला एकच भीती होती. अप्पांनी शोधून काढलं, तर त्यांच्यापुढं उभं कसं राहायचं?

त्या धुरकट चित्रानं त्याला चार वर्षं झाकलं होतं. मंडळीत तो नुसता सिदू मृदंगी. कुणी गाव विचारलं की तो मृदंगाला कणीक लावायला बसायचा.

वाद शेवटी महाराजांकडं गेला. महाराज सुपारी कातरत होते.

“देवानं कान दिले तसे डोळेबी दिलेत,” ते म्हणाले. “मग डोळ्यालाच उपास कावून? आण तुझा कॅमेरा. पण एकट्या माझ्यामागं पळू नको. टाळकरी, मृदंगी, सगळ्यांची तोंडं येऊ दे. कीर्तन काय एकट्यानं होतंय का?”

काल्याच्या दिवशी सकाळी रविराज बीडहून कॅमेरा घेऊन आला. सिदूनं टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि तो विणेकऱ्याच्या पाठीमागं उभा राहिला. अभंगाचं पहिलं चरण झालं. महाराजांनी मागं न बघताच हात केला. मृदंगी उजव्या हाताला, पुढं. महाराजांच्या कीर्तनात ही जागा कधी बदलत नसे.

सिदू पुढं आला. थोडा वेळ त्यानं मान खाली ठेवली. मग गजर चढला, टाळ एका ठेक्यात आले, म्हाताऱ्या बाया जागच्या जागी डोलू लागल्या, आणि थाप बोटांतून आपोआप सुटू लागली. अशा वेळी स्वतःला जपणं माणसाच्या हातात राहत नाही. टोपी कधी मागं सरकली, त्याला कळलंही नाही.

कीर्तन संपल्यावर काल्याचा प्रसाद हातात आला, पण त्यानं तो बंकटच्या हातावर ठेवला. चार वाजता रविराजनं गावाचं नाव घालून व्हिडिओ टाकला.

“बघ, महाराजांच्या कपाळावरचा घामसुदिक दिसतोय,” त्यानं मोबाईल पुढं धरला. पुढच्याच क्षणी पडदाभर सिदूचं तोंड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिदू मृदंगाला गवसणी घालत होता. शाळेच्या फाटकात जीप थांबली. आधी अप्पा उतरले, मग आई, जगदेवी. सिदू पाया पडायला वाकला आणि तिथंच बसला.

“चुकलं, अप्पा. शेवटी त्या कॅमेऱ्यानं धरून दिलं मला.”

“कॅमेऱ्यानं?” अप्पा ओट्याच्या कडेला टेकले. “तुझा हात कुणी धरून शिकवला? देवळातल्या भजनात तुला मांडीवर घेऊन बसत होतो मी. ह्या महाराजांचं तू वाजवलेलं पयलंच कीर्तन ऐकलं, आन् थाप वळखली. चार वर्षं झाली, दुकान बंद केलं की तुझी आई न् मी ऐकत बसतोत.”

सिदूनं वर बघितलं. “मग आला कावून न्हाईत?”

“तू लपून बसलतास. लपलेल्याच्या मागं गेलं की ते आणखी लांब पळतंय. तुझी आई म्हणाली, वाजवतोय म्हंजे खुशाल हाय. राहू द्या.”

“अन् कावेरी?”

“तिला दोन लेकरं हायत. परवा दुकानात आलती, तुझीच खुशाली विचारत होती.”

सिदूनं एवढा मोठा श्वास सोडला की बंकट दारातून डोकावला. सिदू हसत होता आणि डोळे पुसत होता. “मग आजच कावून आलात?”

जगदेवीनं लेकाची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडं वळवलं आणि अंगठ्यानं खालची पापणी ओढून बघितली.

“काल पयल्यांदा तुझे डोळे दिसले,” ती म्हणाली. “बाकीच्यांचे पांढरे हायत, तुझेच हळदीवानी पिवळे. ऊठ, जीप चालू ठिवलीय, आधी दवाखान्यात जायचं.”