ऑइल कूलर

सलील ठाण्याहून मोटरसायकलवर राजस्थानला निघाला, की वाटेत इंजिन तापायचं. मग बडोद्यात आईकडे एक रात्र मुक्काम. वर्षातून दोनदा, तेवढीच भेट. गाडीचा त्रास गेला तर तो जास्त वेळा येईल, या आशेने सुहासिनीबाई या खेपेला त्याच्याबरोबर अलकापुरीतल्या गॅरेजमध्ये गेल्या.

सलीलला ताकद वाढवणारा नवा सायलेन्सर हवा होता. पस्तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलेल्या बाई म्हणाल्या, "ताकद भरपूर आहे रे. उष्णता बाहेर पडत नाहीये. त्यापेक्षा ऑइल कूलर बसव. माझ्याकडून."

"मासीनी वात साची छे," मेकॅनिकनेही हसून बाईंचीच बाजू घेतली.

कूलर बसवून झाल्यावर सलील हायवेने करजणपर्यंत जाऊन आला. हेल्मेट काढता काढता ओरडला, "आई, मानलं तुला! जरासुद्धा तापली नाही."

"मग आता पुन्हा कधी?"

"दिवाळीत!" त्याने आईला मिठीच मारली. "पहाटे ठाण्याहून निघायचं ते थेट उदयपूर. आता बडोद्यात थांबायची गरजच नाही."