बावीस ऑगस्टचा जन्म

“गोकुळाष्टमी मिळेल ना, डॉक्टर?” कीर्तनकार सदानंदबुवांनी विचारलं. काचेच्या गर्भपेटीत त्यांची नात पूर्ण वाढली होती; जन्माचा दिवस तेवढा घरच्यांनी निवडायचा होता.

डॉक्टर हसले. “बुवा, त्या दिवशी अख्खा जिल्हा जन्मतोय!”

“बावीस ऑगस्ट घ्या,” सून शाल्मली म्हणाली.

बुवांचा चेहरा उतरला. त्या तारखेला धरण फुटून अर्धं देवढाण वाहून गेलं होतं, त्यात बुवांची पत्नीही. जन्म निवडता येऊ लागल्यापासून ती तारीख गावात कुणी घेतली नव्हती.

“पोरी, त्या दिवशी मी गेलेल्यांसाठी कीर्तन करतो. गाव रडत असतं. हिचा वाढदिवस कोण करणार?”

“बाबा, त्या दिवसाच्या दिनविशेषात नुसते मृत्यूच आहेत. सासूबाईंच्या नावाखाली एक तरी जन्म येऊ दे.”

बुवांनी गर्भपेटीवर हात ठेवला.

“घ्या, डॉक्टर,” ते म्हणाले. “आधी गेलेल्यांची नावं घेऊन रडू. मग मी कीर्तन थांबवीन, अष्टमीच्या पाळण्याला थांबवतो तसं. मंडपात पाळणा बांधून ठेव, पोरी. आणि सुंठवडा जरा जास्त कर. रडून लोकांचे घसे बसलेले असतात, पाळणा म्हणायला मोकळे झाले पाहिजेत.”