चुकलेला आकडा

चिंचेखाली बसून मार्थाबाईंनी येशूची गोष्ट सुरू केली, की समोरच्या ओसरीत घोंगडी विणणारे बिरूअण्णा मुद्दाम माग दणादणा चालवू लागत. सहा वर्षं दर मंगळवारी हेच. बाया हसायच्या, पांगायच्या. मार्थाबाई पुढल्या मंगळवारी पुन्हा हजर.

आज अंगात ताप होता, त्यात आकडा चुकला. "मेंढपाळानं अठ्ठ्याण्णव मेंढरं रानात सोडली आणि हरवलेल्या एकासाठी डोंगर पालथा घातला..."

माग थांबला.

"अठ्ठ्याण्णव न्हाई, बाई, नव्याण्णव!" अण्णा ओसरीतून ओरडले. "शंभरातलं एकच हरवलंय न्हवं?"

मार्थाबाई बघतच राहिल्या. त्या दणदणाटातूनही एकेक शब्द आत पोचला होता!

अण्णांनी नवीकोरी घोंगडी झटकून ओसरीवर अंथरली. "वर या, बसा. त्ये मेंढरू घावलं, तितनं फुडं सांगा."